ट्रकची खांदेमळणी

सगळं शेवगाव माझ्या नवऱ्याला मिस्तरी म्हणायचं, म्हणून मीही मिस्तरीच म्हणायचे. नाव शांतवन, आणि स्वभाव नावाला जागणारा. इतका शांत माणूस, की आमचं भांडण व्हायचं तेव्हा दोन्ही बाजूंची वाक्यं मलाच बोलावी लागायची. मी मिशनच्या शाळेत शिक्षिका, एलिझाबेथबाई. दिवसभर पोरांवर ओरडून घरी यावं, तर घरात हा असा माणूस. माझ्या तोंडाला विश्रांती मिळावी म्हणून देवानं ही सोय केली असावी, पण मी काही ती घेतली नाही.

लग्नानंतरची पहिली वर्षं मिस्तरी पुण्यात होते आणि मी इथं. ट्रकचे डायनामो, बॅटऱ्या, दिवे यांचं काम ते पुण्याच्या एका लहानशा कंपनीत शिकले. नाताळ आणि मे महिना, एवढाच आमचा संसार. बाकीचे दिवस मी एकटीसाठी भात लावायचे, आणि हात चुकून दोघांचा घ्यायचा. मग उरलेला भात सकाळी फोडणीला घालताना पुण्याला आणि पुण्याच्या सगळ्या कंपन्यांना नावं ठेवायची, हा माझा नेम होता.

एकदाचे ते परत आले आणि नेवासा रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली त्यांनी पत्र्याची शेड घातली. काम बरं चालायचं, पण बेताचं. अशात सत्तर सालच्या पावसाळ्यात कंपनीच्या मालकानं त्यांच्याकडं एक नवीन वस्तू पाठवली. तोपर्यंत ट्रकचा डायनामो बॅटरीला किती वीज देतो, यावर लक्ष ठेवायला कटआउट असायचा. त्यात पत्र्याच्या जिभा, त्या उघडायच्या आणि मिटायच्या. आमच्या रस्त्यांवर धूळ आणि हादरे एवढे, की त्या जिभा कधी चिकटून बसायच्या, कधी जळायच्या, आणि मग बॅटरी एकतर उकळायची नाहीतर मरायची. नवीन वस्तूत असलं हलणारं काही नव्हतं. साबणाच्या डबीएवढी ॲल्युमिनियमची डबी, आत ट्रान्झिस्टर. इलेक्ट्रॉनिक. हा शब्द मिस्तरी असा उच्चारायचे, की मला सवतीचं नाव ऐकल्यासारखं वाटायचं.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. तिकडच्या साखर कारखान्याच्या ट्रकना ही डबी बसली, तर त्या भागाचं सगळं काम शांतवननं तिथंच राहून बघावं. नाही बसली, तर त्यानं पुण्याला परत यावं, त्याची जागा राखून ठेवलेली आहे. मालक बिचारा भला माणूस, त्यानं चांगुलपणानंच सांगितलं होतं. पण मला रात्रभर झोप लागली नाही. माझी नोकरी इथली, मिशनची खोली इथली, पुण्यात मला कोण शाळा देणार होतं? पुन्हा नाताळ आणि मे महिना. सांगायला मला लाज नाही, मला नवरा घरात हवा होता.

कारखान्याच्या वाहनांचं सगळं राधाकृष्ण फोरमनच्या हातात होतं. कडक माणूस, पण खोटा नव्हे. त्यांनी मिस्तरींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका गाडीला लावा. पोळा होईपर्यंत चालवून बघू. मग मी स्वतः तीत बसून नगरला जाऊन येईन. नीट चालली तर गळिताच्या आधी सगळ्या गाड्यांना लावू. नाही चालली तर परत माझ्याकडं हा विषय काढायचा नाही."

ती एक गाडी म्हणजे कानिफनाथची. कानिफनाथ जवळच्याच वस्तीवरचा तरुण शेतकरी. त्यानं दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकून ट्रक घेतला होता आणि हंगामात तो कारखान्याचा ऊस ओढायचा. त्याचे वडील सूर्यभानबाबा. बैल विकले त्या दिवशी बाबांनी सांगून टाकलं होतं, की या गाडीत मी बसायचो नाही. आणि ते बसले नव्हते. बाजारालासुद्धा चालत यायचे, आणि लेकाचा ट्रक मागून आला की रस्ता सोडून शेजारच्या वावरात उतरायचे. मात्र त्यांचा राग लेकावर होता, ट्रकवर नव्हता. "ती बिचारी काय करंल, तिला आनली म्हनून आली," असं म्हणायचे आणि रोज सकाळी तिला ओल्या फडक्यानं पुसायचे. पाऊस आला की चाकांखाली दगड नीट लावलेत का बघायचे. कानिफनाथ म्हणायचा, "आमचं म्हातारं गाडीवर बसत न्हाई आनि गाडीला सोडत न्हाई."

डबी बसवायची ठरली तेव्हा बाबाही वस्तीवरून चालत आले आणि शेडच्या तोंडाशी उकिडवे बसले. मी शाळेतून येऊन चहा टाकला. बाबांना विचारलं, तर नेहमीप्रमाणे म्हणाले, "आत्ताच पिऊन आलो, बाई." आमच्या घरचा चहा त्यांनी आजवर घेतला नव्हता. प्रत्येक वेळी ते आत्ताच पिऊन आलेले असायचे. का, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माणूस गोड होता म्हणून मी विचारणं सोडलं नव्हतं, एवढंच.

मिस्तरींनी बॉनेट उघडलं, जुना कटआउट काढला आणि त्या जागेवरचा रंग कानशीनं घासायला घेतला. मी हातात दिव्याची तार धरून उभी होते, कारण बॉनेटच्या आत अंधार असतो आणि मिस्तरींना तिसरा हात नव्हता. रंग गेला, खालचं लोखंड चकाकायला लागलं, तरी यांचं घासणं संपेना.

"एवढा चांगला रंग का काढता?" मी विचारलं.

"विजेला बॅटरीकडं परत जायला वाट लागते," ते म्हणाले. "ट्रकमध्ये ती वाट म्हणजे ट्रकचं लोखंड. डबीचं अंग या लोखंडाला उघडं भिडलं पाहिजे. मध्ये रंगाचा पापुद्रा राहिला तरी वाट बंद."

एवढं लांब वाक्य ते वर्षातून एखाद्या वेळी बोलायचे, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

बाबा मात्र दुसरंच काही बघत होते. आधी त्यांनी विचारलं, "कानिफ म्हनतो ह्याच्यात ट्रान्झिस्टर हाय. मग गानी कवा लागत्यात?" मी हसू दाबलं. गाणी लागत नाहीत हे कळल्यावर ते जरासे हिरमुसले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "मिस्तरी, हिच्यात समद्यात जास्ती वझं कोन वढतं?"

"आता ही डबीच, बाबा," मिस्तरी आतून म्हणाले. "समद्या दिव्यांचं, हॉर्नचं, बॅटरीचं वझं हिच्यावर."

"म्हंजी हिचा खांदा हितं हाय."

"हूं."

"पन उघड्या लोखंडावर उघडं लोखंड. आपल्या रस्त्यानं ते घासंल. खांदा सोलंल की."

"हूं," मिस्तरी म्हणाले. त्यांच्या दातात स्क्रू होता, आणि त्यांचं लक्ष स्क्रूवर होतं. बाबांनी मान हलवली. जणू दोघांचं एकमत झालं.

डबी बसली आणि झकास चालली. श्रावणभर कानिफनाथ येता-जाता शेडपाशी थांबून सांगायचा, की अँपिअरचा काटा जागचा हलत नाही, दिवे असे लागतात की समोरचा गाडीवान शिव्या देतो. मिस्तरी ऐकून नुसते मान डोलवायचे आणि घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खायचे. मी तर मनातल्या मनात कारखान्याचे सगळे ट्रक मोजून टाकले होते, शेडच्या मागं एक खोली बांधली होती, आणि त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला हवी यावरून मिस्तरींशी एकतर्फी भांडणही उरकलं होतं.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा रापतो, सोलतो. तो कोमट पाण्यानं धुवायचा, लोणी-हळद लावून चोळायचा, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. कानिफनाथच्या वस्तीवर दोन वर्षं हे झालं नव्हतं, कारण बैलच नव्हते. त्या संध्याकाळी सगळ्या गावाच्या गोठ्यांत हळद लागत असताना सूर्यभानबाबा काय करत होते, याची आम्हाला तेव्हा कल्पना नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, फोरमन ठरल्याप्रमाणे कानिफनाथच्या ट्रकमध्ये बसून नगरला गेले. कारखान्याचं काही लोखंडी सामान भरून दुपारी परत निघाले. करंजीचा घाट उतरेपर्यंत सगळं ठीक, म्हणजे तसं वाटलं. तिसगावला पोचेपर्यंत दिवेलागण झाली आणि कानिफनाथनं दिवे लावले, तर ते उदबत्तीएवढे. हॉर्न वाजवला, तर गळा बसलेल्या माणसासारखा आवाज. चहाला म्हणून गाडी थांबवली, ती पुन्हा सुरूच होईना. बॅटरी पार संपलेली. तिसगावच्या लोकांनी हौसेनं धक्का मारला. फोरमननीही मारला, टेरिकॉटची पांढरी पँट घालून. गाडी हलली, पण भरलेली गाडी धक्क्यावर चालू होईना. शेवटी फोरमन एसटीनं गेले. जाताना कानिफनाथला एवढंच म्हणाले, की उद्या तुझ्या मिस्तरीला भेटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका ट्रकनं ओढून गाडी शेडपाशी आणली. कानिफनाथ रात्रभर तिसगावला गाडीत बसून होता, तो घरी अंघोळीला गेला. माझी सकाळची शाळा सुटली आणि मी तशीच शेडमध्ये गेले. मिस्तरी माझीच वाट बघत असावेत. काही न बोलता त्यांनी दिव्याची तार माझ्या हातात दिली.

बॉनेट उघडलं आणि आधी हळदीचा वास आला. डबी पिवळीधमक. तिच्या खाचांतून लोणी वितळून खाली ओघळलेलं. मिस्तरींनी एक नट सैल केला, डबी जराशी उचलली, आणि तिच्याखाली हात घातला. हाताला लागलं कातडं. डबीच्या मापाचं नीट कापलेलं, कडा दाबून गुळगुळीत केलेल्या. नुसतं खालीच नव्हे. बोल्टलाही कातड्याची एकेक बांगडी चढवलेली, आणि भोकांच्या आतून पातळ कातडं गुंडाळलेलं. कुठं म्हणून लोखंडाला लोखंड लागू दिलं नव्हतं. एवढं चोख काम होतं, की ते करणारा आपला वैरी असता तरी मिस्तरींनी त्याला शाबासकी दिली असती. विजेची परतीची वाट मात्र पार बंद झाली होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं, जरी मला समजलं होतं.

मिस्तरींनी कातडं दिव्याजवळ धरलं. त्याच्यावर ओळीनं टाके घातल्याच्या जुन्या खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेशी एक गोल दाब. तिथं कधीकाळी घुंगरं शिवलेली होती. बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याचं कातडं होतं ते. माणसाच्या आणि जनावराच्या घामानं काळं, मऊ झालेलं.

"मोऱ्याचा पट्टा," मिस्तरी म्हणाले.

मोऱ्या म्हणजे विकलेल्या जोडीतला थोरला बैल. त्याचं नाव बाबांच्या बोलण्यात अजूनही दर तिसऱ्या वाक्याला यायचं. बैल विकताना त्याचं दावं आणि गळ्यातला पट्टा विकणाऱ्यानं घरीच ठेवायचा असतो. बाबांनी तो ठेवला होता, आणि आता कापून ट्रकला घातला होता.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आधी मला हायसं वाटलं. "बरं झालं," मी म्हणाले. "फोरमन आले की दाखवा. तुमची चूक नाही, डबीचीही नाही. म्हातारबाबांनी—"

"न्हाई दाखवायचं," मिस्तरी म्हणाले.

"का?"

"कानिफ आधीच त्यांना हसतो. उद्या समदा कारखाना हसंल. ट्रकला बैल समजला म्हनतील." त्यांनी कातडं पुन्हा होतं तिथं ठेवलं. "आनि त्यांनी मला इचारलं हुतं. खांदा सोलंल म्हनले हुते. मी हूं म्हनलो हुतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्याला कुणी हसू नये, म्हणून आम्ही दोघांनी दोन गावांत राहायचं का? माझा सगळा संसार त्या एका हूंवर टांगलेला का? मी हे सगळं बोललेही, आणि त्यांच्या बाजूचं वाक्य या वेळी काही मला सुचेना, कारण त्यांची बाजू मला आतून पटत होती. त्यानं तर माझा राग आणखी वाढला.

फोरमन दुपारी आले. मिस्तरी बॉनेट मिटून पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, डबी चांगली हाय. अर्थिंगचं काम माझ्याकडून कच्चं राहिलं."

फोरमननी मिटलेल्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही पुण्यात शिकून आलात. तुमच्याकडून कच्चं राहतं, तर बाकीच्यांचं काय? हंगामात रात्रंदिवस गाड्या पळतात. नको मला ही भानगड. जुने कटआउट बरे." ते रागावलेही नव्हते. रागावले असते तर मी चार शब्द सुनावून मन मोकळं तरी केलं असतं. ते गेले, आणि मी शेडच्या आत जाऊन चहाची भांडी पुन्हा घासली, जरी ती घासलेलीच होती.

मिस्तरींनी काम सोडलं नाही. कातडं त्यांनी काढलंच नाही. डबीच्या अंगाला एक तांब्याची जाड वेणीची तार जोडली आणि तिचं दुसरं टोक बाजूच्या उघड्या लोखंडात बोल्टनं आवळलं. कोपऱ्यात चार्ज करून ठेवलेली बॅटरी घालून गाडी सुरू केली. अँपिअरचा काटा उठला आणि आपल्या जागी जाऊन बसला. मिस्तरी त्याच्याकडं बघत राहिले. मला मात्र पुण्याची एसटी दिसत होती.

ऊन उतरल्यावर सूर्यभानबाबा आले. मागून कानिफनाथ. बाबांनी सरळ बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"ही तार आधी नव्हती."

"आता लावली," मिस्तरी म्हणाले.

"कशापायी?"

"विजेला जायला वाट लागते, बाबा. लोखंडाला लोखंड भिडावं लागतं."

बाबांची नजर तारेवरून उघड्या लोखंडापर्यंत गेली आणि परत कातड्यावर आली. शेतात उभा जन्म पाणी वळवलेला माणूस. वाट कुठं अडते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हंजी वाटंत मी माती टाकली," ते म्हणाले.

"तसं न्हाई. कातडं राहू द्या. त्यानं डबीला हादरा लागत न्हाई, ते बरंच हाय."

"फोरमनला काय सांगितलं?"

मिस्तरी पान्याला लागलेलं तेल पुसू लागले. बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमी सांगा. तुमी मास्तरीन. पोरांना शिकिवता, तुमी खोटं बोलायच्या न्हाईत."

मिस्तरींनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता. उभ्या संसारात एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडं मागितली होती. पण म्हातारा समोर उभा राहून खरं विचारत होता. मी सांगितलं. फोरमन काय म्हणाले ते सांगितलं, आणि पुण्याचंही सांगितलं. 

कानिफनाथचं तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "गाडी काढ," ते म्हणाले.

"कुठं जायचं?"

"कारखान्याला."

"एवढ्या लांब? तुमी चालत कसं—"

"मी चालत म्हनलो का?"

कानिफनाथनं खिशातनं किल्ली काढली. बाबा ट्रकच्या पुढून गेले. बैलगाडीत चढायची सवय, म्हणून आधी समोरच आले, बंपरपाशी पाय उचलला, आणि मग लक्षात येऊन थांबले. बंपरला हात लावून तो हात त्यांनी कपाळाला लावला. मग दाराशी येऊन लेकाच्या आधारानं वर चढले. मिस्तरी बसले. मीही चढले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

कारखान्याच्या आवारात फोरमन एका गाडीखाली वाकून बघत होते. बाबांनी त्यांना हाताला धरूनच आणलं आणि बॉनेट उघडायला लावलं. "राधाकिसनराव," ते म्हणाले, "डबीत खोट न्हाई. मिस्तरीतबी न्हाई. मी हिची खांदेमळनी केली. खांदा सोलू नये म्हनून मधी कातडं घातलं. इजेला बैल समजलो. हसायचं तर मला हसा."

आजूबाजूला दोन-तीन ड्रायव्हर जमले होते. कुणी हसलं नाही. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी तीनच दिवसांपूर्वी कुणीतरी बैलाचा खांदा मळला होता. फोरमननी वाकून त्या कातड्यावरच्या घुंगरांच्या खुणा बोटानं चाचपल्या.

"हा कुणाचा पट्टा?"

"मोऱ्याचा."

"तो तर विकला होता ना?"

"बैल इकला," बाबा म्हणाले. "पट्टा इकत न्हाईत."

फोरमन सरळ उभे राहिले आणि मिस्तरींना म्हणाले, "तुम्ही दुपारी हे मला का सांगितलं नाही?"

 मीच म्हणाले, "त्यांचा स्वभाव आहे, साहेब. मलाही फार ताप आहे त्याचा."

फोरमनच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठं हसू आलं. "उद्या पुन्हा नगर," ते म्हणाले. "याच घाटातनं, भरलेल्या गाडीनं, दिवे लावून परत यायचं. बाबा, तुम्ही कॅबिनमध्ये बसायचं. गाडी बंद पडली तर धक्का तुम्ही मारायचा."

"मारीन की," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेडच्या बाहेर उभी होते. वह्या तपासायला घेतल्या होत्या, पण एकाच पोराचं एकच गणित मी पुन्हा पुन्हा तपासत होते. अंधार पडायला लागला. मिस्तरी आत एका बॅटरीचं तोंड घासायला बसले होते, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. मग पाथर्डीच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला. मोकळा, खणखणीत. आणि वळणावरून दोन दिवे आले, असे लखलखीत, की शेडचा पत्रा उजळला आणि मला डोळ्यांवर हात धरावा लागला. हात धरला ते बरंच झालं, कारण मी रडत होते.

गाडी थांबली. फोरमन उतरले आणि मिस्तरींना म्हणाले, "सगळ्या गाड्यांना लावा. तारेसकट आणि कातड्यासकट." दुसऱ्या खिडकीत सूर्यभानबाबा ताठ बसले होते. त्यांचा हात बाहेर होता आणि ते ट्रकचं दार थोपटत होते, वाटचाल करून आलेल्या बैलाची पाठ थोपटावी तसं. सगळे उतरले तरी ते उतरेनात. मी जवळ गेले. आजवर विचारायचे तसंच विचारलं, "बाबा, चहा?"

"टाका," ते म्हणाले. "पिऊन आलो न्हाई."

शेडमधल्या बाकावर बसून त्यांनी आमच्या कपातून चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर घालून. मग कप स्वतः विसळायला निघाले, तो मी हातातून काढून घेतला. त्या रात्री मी दोघांचा भात लावला. सकाळी फोडणीला काही उरलं नाही.

पुढच्या वर्षीपर्यंत कारखान्याच्या गाड्यांना डब्या बसल्या होत्या. कातडी सूर्यभानबाबा स्वतः कापून द्यायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते ट्रकमध्ये बसून शेडवर आले, हातात वाटी, वाटीत लोणी-हळद. उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॉनेटला त्यांनी एकेक बोट लावलं, फक्त वरून, आणि तेही मिस्तरींना विचारून. मिस्तरी एका ट्रकखालून सरपटत बाहेर आले, सदरा तेलानं माखलेला, खांदा जमिनीला घासून लाल. बाबांनी तो सदरा बाजूला सारला आणि उरलेलं लोणी त्यांच्या खांद्याला लावून तळहातानं सावकाश चोळलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाय या," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दोघंबी."

ते गेल्यावर मिस्तरींनी आपल्या खांद्याला हात लावून बघितला. मग म्हणाले, "एलिझाबेथ, हे तर बैलाला म्हनत्यात."

"म्हणजे उद्या गप्प जेवायचं," मी म्हणाले. "ते तुम्हाला जमतंच."

दुसऱ्या दिवशी कानिफनाथच्या घरात, चुलीपुढं, त्याच्या पाटाशेजारी आमचे दोन पाट मांडलेले होते.